विश्वासातली बाई

बाटलीच्या गळ्यावरून अंगठा फिरवत तिनं ती दिव्याच्या चौकटीसमोर धरली, एकदा उलटी करून पाहिली आणि बाजूच्या पिंपात टाकली. काच फुटल्याचा आवाज झाला. टेबलाभोवतीच्या बायकांपैकी कुणी मान वर केली नाही. दिवसभर तो आवाज ऐकून त्यांचे कान मेलेले होते.

"ताई, साहेबांनी बोलावलंय," दारातून शिपाई म्हणाला. "हातातलं ठेवून या म्हणाले."

आता मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या.

बाटल्यांच्या त्या कारखान्यात ती तपासणी विभागाची प्रमुख होती. भट्टीतून निघून, साच्यात घडून, लांबलचक बोगद्यातून सावकाश थंड होत आलेली प्रत्येक बाटली तिच्या बायकांच्या हाताखालून जायची. या कामात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि इतक्या वर्षांत साहेबांच्या खोलीत तिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणं यायचं ते चूक झाली की, आणि तेसुद्धा खालच्या अधिकाऱ्याकडून. तिनं हात पुसले, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि जिना चढताना आठवून पाहिलं, गेल्या काही दिवसांत कुठला माल परत आला होता. काही आठवेना.

साहेब नवे होते. आधीच्या साहेबांची ओळख म्हणजे सकाळी आत येणारी आणि संध्याकाळी बाहेर जाणारी गाडी. हे मात्र पायी फिरायचे. भट्टीजवळ उभे राहून घाम पुसायचे, कुणाची मुलगी कितवीत आहे ते दुसऱ्या वेळी आठवणीनं विचारायचे. वयानं तिच्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी लहान. तिला पाहून ते उठले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. ती खुर्चीच्या कडेला टेकली.

ते म्हणाले, इथं येऊन मला आता पुष्कळ दिवस झाले, पण मला या कारखान्याचं काही कळत नाही. सगळे अधिकारी छान छान सांगतात. प्रत्यक्षात काय चाललंय ते मला सांगेल असं माणूस हवं. तुमच्याबद्दल मी चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी एकच ऐकलं.

"मला 'हो साहेब' म्हणणारे खूप आहेत," ते म्हणाले. "'नाही साहेब' म्हणणारं एक तरी माणूस असू दे."

असल्या गोड बोलण्यामागून काय येतं, ते तिनं पाहिलेलं होतं. अगदीच गप्प बसणं बरं दिसेना म्हणून शेवटी ती एवढंच म्हणाली, की बोगद्याच्या तोंडाशी बायका उभ्या असतात, तिथले पंखे उन्हाळाभर बंद आहेत. साहेबांनी मान हलवली. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही, तेव्हा तिनं मनातून तो विषय सोडून दिला.

आठवडा संपायच्या आत पंखे आले. नुसते दुरुस्त नाहीत, नवे.

त्यानंतर दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती वर जाऊ लागली. तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गोष्ट सांगायची, माणूस सांगायचा नाही. पाळी बदलताना गाडी मिळत नाही म्हणून बायकांना फाटकाबाहेर ताटकळावं लागतं, हे सांगायचं. कोण रडली, ते नाही. हातमोजे महिनाभरात फाटतात, हे सांगायचं. ते कुणाच्या ओळखीतून खरेदी होतात, ते नाही. साहेब ऐकायचे. सगळं व्हायचं असं नाही, पण जे व्हायचं नाही त्याचं कारण ते पुढच्या गुरुवारी सांगायचे, आणि कारण सांगणारा साहेब तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

खाली लोकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा चार जणी कुजबुजल्या, ताई साहेबांच्या कानाला लागली म्हणून. पण गाडीची वेळ बदलली, हातमोजे बदलले, आणि कुणाचंच नाव कुठं गेल्याचं दिसेना, तेव्हा कुजबुज थांबली. बायका तिच्याकडे येऊ लागल्या. मग भट्टीवरचे पुरुषही येऊ लागले. भांडारातला कारकून पूर्वी एका खडूसाठी अर्धा तास उभं करायचा, तो आता तिला बघून स्टूल पुढे सरकवायचा. हे सगळं तिला आवडत होतं. आवडतंय हे कुणाला दिसू नये याची काळजी ती घ्यायची. पण गुरुवारची साडी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवायची, ते नवऱ्यानं बरोबर हेरलं.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून घरी तो मोजकंच बोलायचा.

"साहेब माझ्यावर विश्वास ठेवतात," ती एकदा पोळ्या लाटताना म्हणाली.

"बरं आहे," तो म्हणाला. "नेमकं काय ठेवतात? तुझ्याकडे चावी ठेवतात की तुलाच चावी देतात?"

ती हसली. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पावसाळा संपता संपता एका गुरुवारी ती वर गेली तेव्हा साहेब फोनवर होते. बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी उठून दार लावून घेतलं. कारखान्यात दोन भट्ट्या होत्या, एक मोठी, एक छोटी. छोटी बंद करा, असं मुख्य कचेरीतून सारखं टुमणं लागलंय, ते म्हणाले. मी अडवून धरलंय. किती दिवस जमेल सांगता येत नाही.

"हे मी घरी बायकोलाही बोललेलो नाही," ते म्हणाले. "तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक. कुणाला तरी सांगावंसं वाटतं माणसाला."

ती जिना उतरली ती जपून, भरलेला हंडा डोक्यावर असल्यासारखी. छोट्या भट्टीवर चाळीसेक माणसं होती. त्यांतले निम्मे तरी तिच्या ओळखीचे होते, आणि सगळ्यांत जवळचे होते त्या भट्टीचे फोरमन. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. नव्या माणसाला एकच गोष्ट ते तीनदा सांगायचे आणि चौथ्यांदा त्याच्याकडून वदवून घ्यायचे, म्हणून हे नाव पडलेलं. ती कामाला लागली त्या वर्षी तेही साधे कामगार होते. तिचं पहिलं बाळंतपण अवघड झालं तेव्हा रक्त द्यायला रात्रपाळी सोडून आलेले तेच, आणि त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात रोज घरून डबा नेऊन देणारी ती. वर्षानुवर्षं दुपारचा चहा दोघं बरोबर प्यायचे, वाळूच्या गोदामामागच्या बाकावर, जिथं भट्टीची धग पोचत नसे. कारखान्यात काही तंटा झाला, की माणसांच्या वतीनं बोलायला मास्तरच उभे राहायचे. आवाज चढवायचे नाहीत. तीनदा सांगायचे.

त्या दिवशी चहा पिताना ती मास्तरांच्या चपलांकडे बघत राहिली. ते कशाबद्दल तरी बोलत होते. ती हूं हूं म्हणत होती.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच बाकावर, मास्तरांनी थर्मासमधून तिच्या कपात चहा ओतला तो कपाबाहेर पडला. तिच्या पायावर शिंतोडे उडाले.

"लक्ष कुठाय, मास्तर?" ती हसून म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही ते बोटांनी चाचपून पाहिलं आणि थर्मास दोन पायांमध्ये ठेवला.

"डावा डोळा गेलाय माझा," ते म्हणाले. "साखरेनं पडदा खाल्ला म्हणतात. परत यायचा नाही."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळा अगदी पूर्वीसारखाच होता. ते पुढे सांगत राहिले, एखाद्या दुसऱ्याच माणसाचं सांगावं तसं. वर्ष होत आलं. लांबच्या एका डॉक्टरला जाऊन दाखवलं, इथं कुणाला कळू नये म्हणून. उजवा चांगला आहे, त्यावर भागतं. फक्त अंतर चुकतं कधी कधी. दरवर्षीच्या तपासणीत काय केलं, असं तिनं विचारलं तेव्हा मात्र त्यांच्या मिशीत जरा हसू आलं.

"अक्षरांची पाटी पाठ आहे मला. मास्तर उगाच म्हणतात होय?"

"आणि भट्टीसमोर?"

"डाव्या बाजूला कायम एक माणूस उभा करतो. त्याला वाटतं मी त्याला तयार करतोय." ते थांबले. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय गं. तेवढं निघालं की बसेन घरी. आत्ताच घरी बसवलं तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

वहिनींना तरी सांगितलंत का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, नाही. ती रडून गल्ली गोळा करील. पोरांनाही नाही.

"तुलाच सांगितलं," ते म्हणाले. "एकट्यानं फार जड होत होतं."

"माझ्या पोटात राहील," ती म्हणाली. आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली होती.

तिच्या पोटात आता दोन गोष्टी होत्या. मास्तरांना साहेबांची सांगता येत नव्हती आणि साहेबांना मास्तरांची. टेबलाशी उभी असताना तिचं चित्त लागेना. छोट्या भट्टीकडे जायचं काम निघालं की ती लांबून बघत राहायची, मास्तर कुठं उभे आहेत, डावीकडे माणूस आहे की नाही. एकदा तिथल्या एका कामगाराच्या शर्टाला तापलेली सळई लागली. शर्ट जळाला, दंडावर फोड आला, तेवढ्यावर निभावलं. सळई मास्तरांच्या हातात नव्हती. ते तिथं होते, एवढंच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या डोळ्यांसमोर ती सळई यायची आणि दर वेळी ती मास्तरांच्या हातात असायची.

पुढच्या गुरुवारी साहेब थकलेले दिसत होते. टेबलावरचा डबा उघडलेला नव्हता. ते म्हणाले, वरच्या लोकांचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. त्यांना वाटतं, मी खालच्यांचा झालो. आणि खालच्यांना मी कायम वरचाच वाटणार. बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

तिच्याजवळ त्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं. पिण्याच्या पाण्याचा नळ गळतोय, एवढीच एक तक्रार होती, आणि ती घेऊन त्या माणसासमोर बसणं तिला फार खुजं वाटलं. एवढा मोठा माणूस आपल्यापुढे मन मोकळं करतो आणि आपण त्याला गळका नळ देतो. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"साहेब, मी कधी नाव घेऊन बोलत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी खिडकीवरची नजर काढली.

तिनं सगळं सांगितलं. सांगताना सळईचं आधी सांगितलं, जळालेल्या शर्टाचं सांगितलं, उद्या कुणाचा जीव जाईल हे सांगितलं, आणि मग मास्तरांचं. ते किती चांगले आहेत हे तर पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांना काढू नका, भट्टीपासून बाजूला करा फक्त, नव्या पोरांना शिकवायला ठेवा, त्यांच्यासारखं शिकवणारं कुणी नाही. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला डोळा?"

"डावा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, तुम्ही काही काळजी करू नका, त्यांना धक्का लागणार नाही. शिकवण्याची कल्पना उत्तम आहे, माझ्या डोक्यात आलीच नव्हती. आणि हे आपल्या दोघांतच राहील. दारापर्यंत ते तिला पोचवायला आले. जिना उतरताना तिला हलकं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला बाकी कशाहीपेक्षा त्या हलकेपणाचीच जास्त लाज वाटत राहिली.

महिन्याभरात आरोग्य तपासणीची सूचना लागली. सगळ्यांची होती, वरपासून खालपर्यंत. साहेब स्वतः रांगेत उभे राहिले, त्याचं लोकांना फार कौतुक वाटलं. या वेळी नेहमीचे डॉक्टर नव्हते, बाहेरून कुणी आले होते. बायकांची तपासणी सकाळी झाली, भट्टीवाल्यांची दुपारी. तिनं त्या दिवशी चहा घेतला नाही. बाकाकडे गेली, तर बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत. कळलं ते असं, की पुढचा निर्णय होईपर्यंत त्यांना घरी थांबायला सांगितलं आहे.

मग तो निर्णय होण्याच्या आधीच दुसरा झाला. छोट्या भट्टीला सध्या जबाबदार फोरमन नाही आणि अशा स्थितीत ती चालू ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून ती थंड करण्यात येत आहे, असा कागद फलकावर लागला. सध्या, असं लिहिलं होतं. पण काचेच्या भट्टीत सध्या असं काही नसतं, हे वाळू वाहणाऱ्या माणसालाही माहीत होतं. आतली काच एकदा गोठली, की ती भट्टी संपली. लोक फलकासमोर जमले. बराच वेळ उभे राहिले. एकमेकांकडे बघत होते, आपल्यातलं कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते. बोलणारा माणूस घरी बसला होता. हळूहळू एकेक जण पांगला.

त्या दुपारी ती न बोलावता वर गेली. शिपायानं तिला बाहेर बसवलं. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. आत गेल्यावर साहेब नेहमीप्रमाणे उठले, खुर्ची ओढली.

"तुम्ही म्हणाला होतात, त्यांना काही होणार नाही," ती म्हणाली.

"मी प्रयत्न केला," साहेब म्हणाले. "शिकवण्याच्या जागेला वरून मंजुरी मिळाली नाही. माझ्या हातात असतं तर मी आज त्यांना इथं बसवलं असतं."

त्यांनी खरंच प्रयत्न केला होता की नाही, हे कळायला तिच्याजवळ काही मार्ग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर तर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसत होतं.

"आणि भट्टी? ती बंद करायला मास्तरांचं निमित्त झालं ना?"

"ताई, एक सांगू?" त्यांचा आवाज इतका मऊ होता, की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. "धोका आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. मी ऐकून गप्प बसलो असतो आणि उद्या कुणी भाजून मेलं असतं, तर तुम्ही मला माफ केलं असतं? तुम्ही बरोबर केलंत. मीही तेच केलं."

त्यांचा एकही शब्द खोटा नव्हता.

मग ते म्हणाले, की आता एकच भट्टी राहिल्यावर सगळा दर्जा विभाग एका हाताखाली आणायचा आहे आणि मी तुमचं नाव वर कळवलं आहे. स्वतंत्र खोली असेल. तुमच्या माणसांसाठी तुम्हाला आणखी करता येईल. 'नाही साहेब' म्हणणारं माणूस म्हणून तिला या खोलीत पहिल्यांदा बोलावलं होतं. ती काहीच म्हणाली नाही, आणि साहेब ते 'हो' धरून चालले.

छोट्या भट्टीवरच्या माणसांपैकी काही दुसऱ्या गावच्या कारखान्यात गेली, काही कुठंच गेली नाहीत. आश्चर्य म्हणजे तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. उलट एक दिवस टेबलाशी बायका बोलत असताना तिच्या कानावर आलं, की मास्तरांनी म्हणे आपणहून जाऊन साहेबांना डोळ्याचं सांगितलं. आपल्यामुळे कुणाला इजा नको म्हणून. आपल्या तोंडानं सांगत होते ते, भेटायला गेलेल्या पोरांना.

"केवढं मोठं मन बघा," एक जण म्हणाली. "आणि ताई, तुम्ही साहेबांच्या विश्वासातल्या म्हणून आपलं टेबल तरी वाचलं."

तिच्या हातात बाटली होती. ती तिनं पुष्कळ वेळ दिव्यासमोर धरून ठेवली.

लोक तिच्याकडे येतच राहिले. आता तर नव्या खोलीत येऊ लागले. दार लोटून घ्यायचे आणि आवाज खाली आणून सांगायचे. कुणाची पाठ गेली होती, कुणाचा मुलगा व्यसनाला लागला होता. तुमच्याजवळ बोललं की बरं वाटतं, असं जाताना म्हणायचे. ती मान हलवायची. गुरुवारी वर जायचं तिनं सोडलं नाही, पण आता ती तिथं बाटल्यांबद्दलच बोलायची, आणि साहेबही दुसरं काही विचारायचे नाहीत.

मास्तरांकडे जायचं ती रोज ठरवायची आणि रोज काहीतरी काम काढायची. शेवटी नवऱ्यानंच एका रविवारी बूट घालता घालता विचारलं, की मी त्या बाजूला चाललोय, तुला सोडू का. त्याला काय माहीत होतं, किती माहीत होतं, ते त्यानं कधी दाखवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी तिला उतरवून तो पुढे गेला.

दार वहिनींनी उघडलं. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच डोळे भरून आले. मास्तर आत खिडकीपाशी चटईवर बसून मटार सोलत होते. समोर ताट, बाजूला शेंगांचा ढीग. त्यांनी मान वर केली, मग थोडी उजवीकडून वळवली आणि नीट पाहिलं.

"या ताई," ते म्हणाले. "बसा."

ती बसली. कसे आहात, असं तिनं विचारलं. बरा आहे, असं ते म्हणाले. घरचे कसे आहेत, असं त्यांनी विचारलं. बरे आहेत, असं तिनं सांगितलं. तिच्या नव्या जागेचं ऐकलं, आनंद वाटला, असंही ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुठंही काही टोचलं नाही. ते शेंग उचलायचे, अंगठ्यानं फोडायचे, दाणे ताटात पाडायचे. एखादा दाणा ताटाबाहेर पडायचा.

बोलणं वहिनींनीच चालवलं. त्यांना कुणीतरी ऐकणारं हवं होतं.

"हे सगळ्यांना सांगतात, मी स्वतः जाऊन सांगितलं साहेबांना," वहिनी म्हणाल्या. "मला नाही पटत. त्या दिवशी सकाळी चांगले हसत गेले होते घरून. पाटी पाठ होती ना यांची, आता कळतंय मला. परत आले ते काळेठिक्कर पडून. म्हणाले, डॉक्टरनं दुसऱ्या कुणाला काही केलं नाही आणि मला मात्र बसल्या बसल्या उजवा डोळा झाकायला लावला. पाटीकडे नेलंच नाही. हातात बॅटरी घेतली आणि सरळ डाव्यात." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "कुणीतरी सांगून ठेवल्याशिवाय होईल का हो असं? तुमचं वर जाणं-येणं असतं. तुम्ही काढा ना शोधून, कुणी केलं हे."

मास्तरांनी नवी शेंग उचलली.

"जाऊ दे," ते म्हणाले.

"जाऊ दे काय? ताई, मला तर बायको असून यांनी पत्ता लागू दिला नाही. रोज चहाला तुम्ही बरोबर असायचात. तुम्हाला तरी कधी काही बोलले होते का?"

तिनं तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिचं ठरलेलं नव्हतं, पण ती काहीतरी बोलणार होती, आणि ते खरं असण्याचा संभव होता.

"त्यांना कुठून माहीत असणार?" मास्तर म्हणाले. त्यांचे हात थांबले नाहीत. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

वहिनी तिच्याकडेच बघत होत्या. मास्तर ताटाकडे बघत होते, दाण्यांमध्ये बोटं फिरवून साली वेगळ्या करत होते.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "मला नव्हतं माहीत."

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकल टेकवून ठेवली, तिचा आवाज झाला. मास्तरांनी ताट बाजूला सरकवलं, अंगावरच्या साली झटकल्या.

"चहा टाक लवकर," ते बायकोला म्हणाले. "ताईंना जायचं असेल."